संस्थेसाठी अनुदान मागताना: कोल्हापुरातल्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा आणि कृष्णेचं पाणी शिरोळ तालुक्यात पसरलं, तेव्हा आमच्या छोट्या संस्थेकडे आठवडाभरात चार ट्रक साहित्य आलं. चटया, तांदूळ, चादरी, सॅनिटरी पॅड. देणाऱ्यांनी हात आखडता घेतला नाही. दिवाळीनंतर पैसा संपला आणि गावोगावच्या याद्या ठेवणारी मुलगी दुसऱ्या नोकरीला लागली. दर मे महिन्यात ती यादी नव्याने करायची असते: कुठल्या गल्लीत अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुठे बाळंतीण आहे, होडी कुणाकडे आहे, जनावरं किती. २०२० मध्ये ती झाली नाही, २०२१ मध्येही नाही. त्या जुलैत पाणी पुन्हा चढलं आणि आम्ही सगळं पहिल्यापासून शोधत बसलो.

त्या दोन वर्षांत आम्ही लोकांकडे चटया मागितल्या, तांदूळ मागितला. त्या मुलीचा पगार मात्र एकदाही मागितला नाही. असा पगार मागता येतो, हेच आम्हाला माहीत नव्हतं. नुकतीच संस्था काढली आहे किंवा काढायच्या बेतात आहात, अशा सगळ्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत असावं, म्हणून हे लिहिते आहे.

कोणता पैसा मागायचा, ते आधी ठरवा

अनुदान ढोबळमानाने दोन प्रकारचं असतं. एक प्रकल्पाचं: इतक्या शाळा, इतकी शिबिरं, इतके लाभार्थी, अमुक तारखेला सुरू, तमुक तारखेला बंद. दुसरं संस्थेचं: हिशेबनीस, कार्यालयाचं भाडं, विश्वस्तांचं प्रशिक्षण, ऑडिट, नोंदी ठेवायची पद्धत, पुढच्या तीन वर्षांचं नियोजन. दुसऱ्याला कुणी कोअर ग्रँट म्हणतं, कुणी क्षमतावर्धन, कुणी संस्थाबांधणी. प्रकल्प संपल्यावरही संस्था चालती राहावी, यासाठी हा पैसा असतो.

कोल्हापुरात हे कुणाला नवं वाटू नये. शाहू महाराजांनी इथे एकामागून एक वसतिगृहं उभी केली. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ चं, मिस क्लार्क वसतिगृह १९०८ चं. हुशार मुलं निवडून त्यांची तेवढी फी भरणं त्यांना सोपं होतं. पण त्यांनी जागा दिल्या, इमारतींना मदत केली, चालू खर्चासाठी अनुदानं लावून दिली. त्यामुळे दसरा चौकाच्या परिसरात त्या काळातली बोर्डिंगं आजही उभी आहेत.

मोठ्या देणगीदारांनाही हे उशिरा का होईना, पटू लागलं आहे. फोर्ड फाउंडेशनने २०१६ मध्ये ‘बिल्ड’ नावाचा १ अब्ज डॉलरचा कार्यक्रम सुरू केला. त्यात संस्थांना अनेक वर्षांसाठी लवचिक पैसा मिळाला आणि त्यातला काही भाग खास संस्था मजबूत करण्यासाठी राखलेला होता. आपल्याकडे २०२१ मध्ये एडलगिव्ह फाउंडेशनच्या पुढाकाराने ‘ग्रो फंड’ आला. तळागाळात काम करणाऱ्या १०० संस्थांना नेमक्या याच गोष्टींसाठी मदत करायची, हा त्याचा हेतू होता. तेव्हा पगाराचा विषय काढताना मान खाली घालू नका. समोरच्याने तो शब्द आधी ऐकलेला असतो.

दप्तर

इथे मी जरा जास्त थांबणार आहे. अर्ज चांगला असूनही पहिल्याच चाळणीत संस्था गळतात, त्या बहुतेक दप्तरापायी.

आपल्याकडची नेहमीची वाट म्हणजे १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदणी. त्यासाठी किमान सात सभासद लागतात. त्याच्या जोडीला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणी. दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयातच होतात. म्हणून हातात दोन प्रमाणपत्रं येतात आणि संस्थेला ‘एफ’ नंबर, म्हणजे विश्वस्त नोंदणीचा क्रमांक, मिळतो. तिसरी वाट कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ ची. तिथे वर्षभराची कागदपत्रं आणि सीएचा खर्च जास्त असतो. गावपातळीवर नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी ती सुचवत नाही.

नोंदणी झाली म्हणजे दप्तर पूर्ण झालं, हा समज सगळ्यात महागात पडतो. एका फाउंडेशनच्या बाईंनी मला फोनवर विचारलं होतं, “ताई, तुमच्या पीटीआरवर जी सात नावं आहेत, त्यातले दोघे हयात नाहीत ना?” पीटीआर म्हणजे धर्मादाय कार्यालयातली सार्वजनिक विश्वस्त संस्थांची नोंदवही. माझ्याकडे उत्तर नव्हतं. विश्वस्त वारला, कुणी राजीनामा दिला, पत्ता बदलला, नवी निवड झाली, तर ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करायचा असतो. सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. तो राहिला की पुढचाही अडकतो. बँकेत सह्या बदलत नाहीत आणि कागदोपत्री संस्था दहा वर्षांपूर्वीच्या माणसांची राहते. जुन्या संस्थेची सूत्रं हातात घेत असाल, तर पहिल्याच महिन्यात पीटीआरचा उतारा काढून नावं ताडून पाहा.

प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही, सभेच्या दिवशीच लिहा. मार्चमध्ये एका बैठकीला बसून वर्षभराच्या सभा लिहून काढलेल्या असतील, तर शाईवरून आणि सह्यांवरून ते पाहणाऱ्याला कळतं. बँक खातं उघडायचं, अर्ज करायचा, करारावर सही करायची, तर प्रत्येक वेळी ठराव लागतो.

मग आयकर. १२ए म्हणजे संस्थेच्या उत्पन्नाला करातून सूट आणि ८०जी म्हणजे देणगीदाराला वजावट. काम सुरू होण्याआधी अर्ज केला तर तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत नियमित नोंदणीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो, आणि नवे लोक घसरतात ते इथेच. “तीन वर्षांची आहे की अजून,” म्हणून निवांत राहू नका. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे, त्यामुळे कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतात. तरी सीएकडे आणि देणगीदारांच्या अर्जात तुम्हाला अजून काही वर्षं १२ए आणि ८०जी हेच शब्द भेटतील. ८०जी घेतल्यावर देणगीदारांचं विवरण दरवर्षी ३१ मेपर्यंत भरायचं असतं. ते चुकलं तर दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क लागतं. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर देणाऱ्याला वजावट मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम चेकने किंवा ऑनलाइनच घ्या.

नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंदणी करून युनिक आयडी घ्या. शासकीय योजनांचे अर्ज त्याच्याशिवाय पुढे सरकत नाहीत. कंपन्यांकडे सीएसआरचा, म्हणजे त्यांनी सामाजिक कामासाठी खर्चायचा पैसा मागायला जायचं तर सीएसआर-१ हा फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी १२ए आणि ८०जी दोन्ही हातात हवेत.

परदेशी पैशाबद्दल एकच गोष्ट पक्की धरा. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर एक रुपयाही घ्यायचा नाही. त्या नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी असावी लागते आणि त्या तीन वर्षांत तिने उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. पैसे येतात ते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यात. २०२० पासून प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के आहे आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. आपल्या गावाकडच्या एखाद्याचा मुलगा अमेरिकेत आहे आणि त्याचा पासपोर्ट भारतीय आहे, तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरली जात नाही. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असूनही ती परदेशी ठरते. देणगी घ्यायच्या आधी पासपोर्टबद्दल विचारायला संकोचू नका.

एक संध्याकाळ स्वतःकडे बघा

अर्ज लिहायच्या आधी सगळे विश्वस्त आणि कामाची माणसं एकत्र बसा. चहा-कांदाभजी असू दे, पण फोन बाजूला. प्रश्न साधेच घ्या. अध्यक्ष सहा महिने आजारी पडले तर काम चालेल का? मागच्या महिन्याचा हिशेब आज कुणी मागितला तर दाखवता येईल का? आपल्या उत्पन्नातला किती भाग एकाच देणगीदाराकडून येतो? विश्वस्तांमध्ये ज्यांच्यासाठी काम करतो त्या वस्तीतलं, त्या समाजातलं कुणी आहे का? एकाच घरातले किती जण आहेत? शेवटचा प्रश्न आपल्याकडे विचारला जात नाही, पण देणगीदार कागदावरून तो स्वतःच सोडवतो. आडनावं त्यालाही वाचता येतात.

उत्तरं लिहून काढा आणि त्यातल्या दोन किंवा तीनच कमजोऱ्या निवडा. सगळंच मोडकं आहे असं सांगितलं तर कुणी पैसे देत नाही. सगळं उत्तम आहे असं सांगितलं तर पैसे का द्यायचे, हे त्याला कळत नाही.

सायबर महाविद्यालयात समाजकार्याचा अभ्यासक्रम चालतो. अशा अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य करावंच लागतं. आमच्याकडच्या अशाच एका मुलीने नोंदवहीतल्या चारशे कुटुंबांची माहिती संगणकावर आणली आणि नेमकं कुठे गळतंय ते आम्हाला पहिल्यांदा दिसलं.

पैसा आहे कुठे

बहुतेक नवे कार्यकर्ते पहिल्यांदा कागल किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत फाइल घेऊन फिरतात. त्याआधी कायदा समजून घ्या. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे सीएसआर लागू होतो तो ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक तरी असलेल्या कंपनीला. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के तिला खर्च करावे लागतात. उद्यमनगरातल्या छोट्या कारखान्याला हे लागू नाही. तो मालक देईल तर आपल्या खिशातून आणि आपल्या मनाने, म्हणून त्याच्याशी बोलणंही वेगळं हवं.

आपल्या जिल्ह्याची खरी आर्थिक ताकद सहकारात आहे: साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था, नागरी बँका. या सहकारी संस्था कंपनी कायद्याखाली येत नाहीत, त्यामुळे कलम १३५ त्यांना लागू नाही. त्यांच्याकडे “तुमचा सीएसआर” म्हणत गेलात तर बोलणं तिथेच संपतं. नफावाटपात सामाजिक कामासाठी तरतूद करण्याची वाट त्यांना सहकार कायद्यातच आहे, आणि तो निर्णय संचालक मंडळात आणि वार्षिक सभेत होतो. म्हणून वार्षिक सभेच्या बऱ्याच आधी एक पानाचं पत्र द्या. त्या संस्थेचे सभासद ज्या गावांत आहेत, त्याच गावांतलं तुमचं काम त्यात दाखवा.

सीएसआरबद्दल आणखी दोन गोष्टी. कंपनीने स्वतः न काढलेल्या संस्थेकडे त्याच प्रकारच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो. म्हणजे कालपरवा नोंदलेल्या संस्थेला हा दरवाजा अजून बंद आहे. ही तीन वर्षं स्थानिक देणग्यांवर काढायची, हे धरूनच चाला. दुसरं, “प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालत नाही” असं तुम्हाला ठासून सांगितलं जाईल. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. तुमच्या प्रकल्पावर राबणाऱ्या माणसाचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च आहे. हे नम्रपणे पण ठामपणे सांगा. मात्र सीएसआरचा पैसा कॉर्पससाठी, म्हणजे कायम निधीसाठी मागू नका. तो नियमात बसत नाही.

निव्वळ संस्थाबांधणीसाठी पैसा शोधत असाल तर खासगी फाउंडेशन गाठावी लागतात. प्रत्येकाच्या संकेतस्थळावर ते कोणत्या विषयात, कोणत्या राज्यात आणि केवढ्या संस्थांना मदत करतात ते लिहिलेलं असतं. ते न वाचता तोच अर्ज तीस ठिकाणी पाठवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांना तीसही ठिकाणांहून उत्तर आलेलं नाही. तीन निवडा आणि तीन वेगळे अर्ज लिहा.

आणि एक विनंती. “निधी आणून देतो, दहा टक्के आधी द्या” म्हणणारा माणूस तुम्हाला भेटणारच. त्याला दारातूनच परत पाठवा. खरं फाउंडेशन अर्जाचे पैसे घेत नाही. अशा माणसाने लावलेली खोटी बिलं पुढे तुमच्या सहीनिशी तुमच्याच दप्तरात सापडतात.

अर्ज आणि अंदाजपत्रक

अर्जाचं पहिलं पान संस्थेच्या स्थापनेच्या इतिहासावर घालवू नका. तुम्ही कुणासाठी काय करता, त्यातलं काय अडतं आणि ते अडायचं थांबवायला काय लागेल, एवढंच सांगा. “क्षमतावर्धन करण्यात येईल” या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही. “दर महिन्याचा हिशेब पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत विश्वस्तांसमोर येईल” असं लिहिलं, तर वर्षाअखेरीला देणगीदार येऊन ते तपासू शकतो.

समजा, तुम्ही पहिल्या वर्षासाठी ५ लाख मागत आहात. अर्धवेळ हिशेबनीस, महिना १२,००० प्रमाणे १,४४,०००. नोंदी आणि देणगीदारांशी संपर्क पाहणारी पूर्णवेळ व्यक्ती, महिना १८,००० प्रमाणे २,१६,०००. लॅपटॉप आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर ७०,०००. ऑडिट, आयकराची कागदपत्रं आणि राहिलेले चेंज रिपोर्ट ४०,०००. विश्वस्तांचं प्रशिक्षण आणि दोन दिवसांची नियोजन बैठक ३०,०००. प्रत्येक रकमेपुढे ती कशी काढली ते लिहा. गोल आकडे टाकले की प्रश्न येतात.

त्याच्याखाली दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची ओळ हवीच. हेच दोन पगार पुढे कोण देणार? पहिल्या वर्षी सगळा खर्च अनुदानातून, दुसऱ्या वर्षी ६० टक्के, तिसऱ्या वर्षी ३० टक्के, आणि उरलेलं महिना २०० ते ५०० रुपये देणाऱ्या स्थानिक देणगीदारांकडून, असं मांडलंत तर समोरच्याला धीर येतो. पण मग त्या देणगीदारांची आजची संख्याही खरी सांगा. बारा असतील तर बाराच लिहा. आमच्या अर्जात एकदा उत्साहाच्या भरात ती चाळीस झाली होती. भेटीला आलेल्या माणसाने पावतीपुस्तक मागितलं, आणि पुढची दोन वर्षं त्या देणगीदाराचं दार आमच्यासाठी बंद राहिलं. त्या वेळी वाटलेली शरम अजून गेलेली नाही.

भेटीला कुणी येणार असेल तर फुलांचे गुच्छ आणि भाषणं नकोत. त्यांना वस्तीत न्या. लोकांना आधी पढवू नका. फक्त कोण येतंय आणि का, ते सांगा. मग हिशेबाची फाइल टेबलावर उघडी ठेवा.

पैसा आल्यावर

करारावर सही करायच्या आधी तो सगळ्या विश्वस्तांनी मराठीत समजून घ्यावा. हप्ते कधी, अहवाल कधी, एका शीर्षकातली रक्कम दुसऱ्यात वळवायची तर परवानगी कुणाची, उरलेला पैसा परत करायचा का. एवढं विचारून घेतलंत की पुष्कळ भांडणं टळतात.

हिशेबात त्या अनुदानाचं खातं वेगळं ठेवा. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर आयकरात तो खर्च धरला जात नाही. मांडववाल्याचं बिल असो की जीपचं भाडं, बँकेतूनच द्या. उत्पन्नाचा ८५ टक्के भाग त्याच आर्थिक वर्षात उद्दिष्टांवर खर्च व्हावा लागतो. त्यामुळे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मोठा हप्ता येणार असेल तर ३१ तारखेच्या आधीच सीएला विचारा. तो पैसा पुढच्या वर्षासाठी राखायची रीत आहे, पण ती मुदतीतच करावी लागते.

वर्ष संपलं की ऑडिट आणि उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, द्यायचा. सगळे त्याला यूसी म्हणतात. पुढचा हप्ता बहुतेक त्यावरच अवलंबून असतो. काही बिघडलं, म्हणजे माणूस सोडून गेला, बैठक झाली नाही, पुराने दोन महिने खाल्ले, तर अहवालाची वाट न पाहता त्याच आठवड्यात फोन करा. मी असे फोन पुष्कळ केले आहेत. एकदाही कुणी त्यामुळे पैसे थांबवले नाहीत. दोनदा तर मुदत वाढवून मिळाली.

नकार आला तरी कारण विचारणारं दोन ओळींचं पत्र पाठवा. आमचं पहिलं संस्थाबांधणीचं अनुदान असंच मिळालं. पहिल्या वर्षी नकार, कारण चेंज रिपोर्ट प्रलंबित. अकरा महिन्यांनी मंजूर आदेश जोडून तोच अर्ज पुन्हा पाठवला. त्या पैशातून आम्ही पहिला पगार दिला तो यादी ठेवणाऱ्या मुलीला. आता दर मे महिन्यात ती वही आणि फोन घेऊन शिरोळची गावं फिरते, आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोचायच्या आत ती यादी आमच्या हातात असते.